फॉरमॅट मारण्याआधी: श्रीलिपी, टॅली, कोरल आणि त्यांची लायसन्स

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खानापुरातल्या तुमच्या डीटीपीच्या दुकानातला कॉम्प्युटर विंडोज १० वर आहे, त्याचे अपडेट बंद झालेत आणि मेकॅनिक फॉरमॅट मारून विंडोज ११ टाकू म्हणतोय. "प्रोग्रॅम फाइल्सचं फोल्डर डी ड्राइव्हवर कॉपी करायचं, नंतर परत टाकायचं, झालं काम," असंही तो म्हणाला. मराठी फॉन्टची श्रीलिपी (लॉकवाली, म्हणजे पेनड्राइव्हसारखा यूएसबी लॉक लावल्यावरच चालणारी), हिशेबाची टॅली, डिझाइनचं कोरल, ऑफिस आणि कन्नड टायपिंगचं नुडी यांच्या लायसन्सचं काय, ही तुमची काळजी. यजमानांच्या सौहार्द (सहकारी) सोसायटीतल्या डॉसच्या (विंडोजच्याही आधीच्या) प्रोग्रॅमबद्दलही तुम्ही विचारलंय, ते शेवटी सांगतो. बेळगाव-खानापूर भागातले छापखाने आणि सोसायट्या यांचे कॉम्प्युटर सांभाळणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

फोल्डर कॉपी करून काहीही चालणार नाही. प्रोग्रॅम बसतो तेव्हा त्याच्या नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या नोंदवहीत) जातात, काही फायली सिस्टिमच्या फोल्डरात जातात आणि लायसनची माहिती बहुतेक वेळा प्रोग्रॅमडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात किंवा कंपनीच्या सर्व्हरवर असते. प्रोग्रॅम फाइल्समध्ये असतो तो नुसता सांगाडा. प्रोग्रॅम नव्यानेच बसवावा लागतो. तुम्ही सोबत न्यायच्या त्या तीन गोष्टी: इन्स्टॉलर, लायसन आणि तुमच्या हातून तयार झालेलं सगळं. यातलं लायसनचं काम जुनं विंडोज चालू असतानाच उरकता येतं. डिस्क पुसल्यावर काही लायसन्स कंपनीला फोन करकरून मिळवावी लागतात, काही मिळतच नाहीत.

पण त्याही आधी विचारा, फॉरमॅटची खरंच गरज आहे का? विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले हे खरं. तुमच्या मशीनमध्ये टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) असेल, इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ उतरवून ते चालू विंडोजमधूनच वर चढवता येतं. 'फाइल्स आणि ॲप्स ठेवा' हा पर्याय निवडला की प्रोग्रॅम जागच्या जागी राहतात, लायसन्सही बहुतेक तशीच राहतात. नाही पटलं तर दहा दिवसांत मागे फिरता येतं. मेकॅनिक लोक हे सुचवत नाहीत, कारण याला वेळ जातो आणि फॉरमॅट मारणं त्यांच्या हातात बसलेलं असतं. मशीन जुनी असेल आणि ११ बसत नसेल, तर मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली आहे. घाईघाईत नवा कॉम्प्युटर घ्यायची गरज नाही. मशीन फारच बिघडली असेल, व्हायरसने भरली असेल किंवा हार्डडिस्क बदलायची असेल, तरच पाटी कोरी करा.

कोरी करायची ठरलीच तर पहिलं लायसन विंडोजचंच. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, तिथे ॲक्टिव्हेशन उघडा आणि विंडोज होम आहे की प्रो, ते लिहून घ्या. विंडोज ८ च्या काळापासून कंपनीच्या तयार मशीनची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते. त्याच एडिशनचं विंडोज टाकलं की ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं, की मागतही नाही. असेंबल मशीन असेल तर 'डिजिटल लायसन' असं लिहिलेलं दिसेल. ते आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून घ्या, पुढे मदरबोर्ड बदलावा लागला तर उपयोगी पडतं. विंडोज ७ किंवा ८ च्या जुन्या कीवर मात्र आता विसंबू नका. सप्टेंबर २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने त्या कीवर १० आणि ११ ॲक्टिव्हेट करणं बंद केलंय.

इथे एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. आपल्याकडे बरेच मेकॅनिक खिशात एक पेनड्राइव्ह घेऊन फिरतात, त्यात ॲक्टिव्हेटरसकट (लायसनशिवाय विंडोज चालू करणाऱ्या प्रोग्रॅमसकट) विंडोज प्रो असतं. तुमच्या मशीनबरोबर तुम्ही पैसे मोजून होमचं अस्सल लायसन घेतलेलं असतं. ते तसंच पडून राहतं आणि वर चोरीचं प्रो बसतं. त्या ॲक्टिव्हेटरमधून काय काय आत शिरलं ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि त्याच मशीनवर तुम्ही जीएसटी भरता, बँकेचं खातं उघडता. मेकॅनिकला स्पष्ट सांगा: मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्यायचं आणि होम असेल तर होमच टाकायचं.

आता श्रीलिपी. तुमचं लायसन त्या यूएसबी लॉकमध्येच आहे, त्यामुळे फॉरमॅटने त्याला काही होत नाही. काळजी घ्यायची ती ड्रायव्हरची, म्हणजे विंडोजला लॉक ओळखता यावा म्हणून लागणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरची. काम सुरू होण्याआधी लॉक काढून डबीत ठेवा. नवीन विंडोजवर आधी लॉकचा ड्रायव्हर, मग सॉफ्टवेअर आणि सगळ्यात शेवटी लॉक लावा. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, म्हणून ड्रायव्हरही ६४ बिटचाच लागतो. जुन्या सीडीतला चालेलच असं नाही, कंपनीकडून नवा मागवा. ड्रायव्हर जुना असला तर विंडोजची 'मेमरी इंटिग्रिटी' तो अडवते. मग मेकॅनिक ती सुरक्षाच बंद करून टाकतात. तसं करू देऊ नका.

फॉन्टवर जास्त लिहितोय, कारण आपल्या भागातल्या डीटीपीवाल्यांचं खरं नुकसान तिथे होतं. जुन्या श्रीलिपीत किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या फायलीत मराठी किंवा कन्नड अक्षरं साठवलेली नसतात. आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात आणि तो ठरावीक फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट नसला की पाच वर्षांपूर्वीची लग्नपत्रिका उघडल्यावर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी कंस, स्वल्पविराम आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आता दुसरा पेच. सगळे जण सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरातलं फॉन्ट्स फोल्डर कॉपी करतात. पण विंडोज १० च्या २०१८ मधल्या आवृत्तीपासून, फॉन्टवर नुसतं दोनदा क्लिक करून 'इन्स्टॉल' म्हटलं की तो तिथे जातच नाही. तो त्या युजरच्या ॲपडेटा फोल्डरात जातो: लोकल, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, त्यात फॉन्ट्स. ॲपडेटा लपवलेलं असतं. गिऱ्हाइकांकडून आलेले, इकडून तिकडून जमवलेले फॉन्ट नेमके तिथेच असतात. दोन्ही ठिकाणचे उचला. पेजमेकर ७ अजून वापरत असाल तर त्याच्या जुन्या फायलींनाही हेच लागू.

नुडी मोफत आहे, पुन्हा उतरवून घेता येतं, लायसनची भानगड नाही. २०२४ च्या कायदादुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड लागतं, त्यामुळे मराठी-कन्नड दोन्हींची जोडी तुमच्या मशीनवर पहिल्या दिवसापासून धड चालली पाहिजे. म्हणून तपासणी अशी करा: एक जुनी मराठी पत्रिका, एक कन्नड पाटी आणि दोन्ही भाषा असलेली एक फाइल वेगळ्या फोल्डरात ठेवा. नव्या विंडोजवर त्या तिन्ही नीट उघडून प्रिंट निघेपर्यंत मेकॅनिकला सोडू नका.

टॅलीचं लायसन फॉरमॅटच्या आधी सरेंडर (कंपनीकडे परत) करायचं असतं. हेल्पमध्ये सेटिंग्ज, तिथे लायसन. इंटरनेट चालू पाहिजे. त्यासाठी ज्या ईमेलवर टॅलीचं अकाउंट आहे त्याचा पासवर्ड लागतो. बऱ्याच दुकानांत तो ईमेल जुन्या अकाउंटंटचा किंवा टॅली विकणाऱ्याचा असतो. तसं असेल तर आधी तो आपल्या नावावर करून घ्या, मग बाकीचं. टीएसएसची (टॅलीच्या अपडेटच्या वर्गणीची) मुदत संपली असेल तर सगळ्यात नवी रिलीज तुमच्या लायसनवर चालणार नाही, म्हणून आत्ता कोणती रिलीज चालू आहे ते लिहा आणि तिचाच इन्स्टॉलर जपून ठेवा. टॅली प्राइमचा डेटा बहुतेक वेळा 'युजर्स'मधल्या 'पब्लिक' फोल्डरात असतो. मेकॅनिक डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स कॉपी करतो, पब्लिककडे बघत नाही, आणि चार वर्षांचे हिशेब पुसले जातात. टॅलीतून बॅकअप घ्या आणि डेटाचं फोल्डरही सबंध उचला.

कोरल नवं असेल तर ते अकाउंटवर चालतं. लॉगिन होतंय ना, तेवढं बघा. जुनं असेल तर सीरियल नंबर आणि सेटअप दोन्ही हवेत. ॲडोबीचं काही असेल तर साइन आउट करा, जुनी सीएस असेल तर हेल्प मेनूतून डिॲक्टिव्हेट करा. ऑफिस २०१३ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांची पूर्ण की मशीनमधून काढता येत नाही, फक्त शेवटची पाच अक्षरं दिसतात. ऑफिस कोणत्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलंय ते शोधा, तिथून पुन्हा उतरवता येतं.

जीएसटीची किंवा टेंडरची डिजिटल सही यूएसबी टोकनमध्ये असते, तिला फॉरमॅटने धक्का लागत नाही. नव्या विंडोजवर टोकनचा ड्रायव्हर टाकायचा, बस. पण टोकनच्या सॉफ्टवेअरमधलं 'इनिशियलाइझ' हे बटण कुणालाही दाबू देऊ नका. त्याने सही पुसली जाते आणि नवी विकत घ्यावी लागते.

माझं ठाम मत विचाराल तर जुनी डिस्क फॉरमॅट करूच नका. नवीन एसएसडी घ्या, विंडोज तिच्यावर टाका आणि जुनी डिस्क वर तारीख लिहून कपाटात ठेवा. काय राहून गेलं ते आधी आठवत नाही. महिन्याने एखादा गिऱ्हाईक जुनी पत्रिका मागतो तेव्हा आठवतं. डिस्क काढण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू आहे का तेवढं पाहा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा, नाहीतर ती डिस्क दुसऱ्या मशीनवर उघडणार नाही. सरेंडर आणि डिॲक्टिव्हेट मात्र तरीही आधीच करा. जुनी डिस्क शाबूत असली तरी कंपनीच्या हिशेबी लायसन जुन्याच विंडोजवर चालू असतं. नेटचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, विंडोज ११ बसतानाच इंटरनेट मागतं. आणि यूपीएसची बॅटरी तपासा, खानापुरात पावसाळ्यात लाइटचा भरवसा नसतो. तुळशीच्या लग्नानंतर एकदा पत्रिकांची कामं सुरू झाली की यात हात घालू नका. पितृपक्षात उरका.

आता सोसायटीचा प्रोग्रॅम. तुम्ही सांगितलेल्या वर्णनावरून तो फॉक्सप्रोमध्ये (जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये) लिहिलेला दिसतोय. तसले डॉसचे प्रोग्रॅम ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाहीत आणि विंडोज ११ ला ३२ बिटची आवृत्तीच नाही. डॉसबॉक्समध्ये (डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) तो उघडेल, पण दोन काउंटरवरून एकाच वेळी नोंदी होत असतील तर ठेवीदारांच्या पैशांचा हिशेब मी त्यावर सोडणार नाही. सोसायटीकडे लायसन असलेलं ३२ बिटचं विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरमध्ये) बसवून त्यात चालवणं जास्त भरवशाचं, तेही नवीन सॉफ्टवेअर येईपर्यंतच. डेटा बहुधा डीबीएफ फायलींत असेल. त्याची प्रत काढून एखादी फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडून पाहा. सभासदांची नावं इंग्रजीत नीट दिसली तर नवीन सॉफ्टवेअरमध्ये नेणं सोपं. नावं मराठीत किंवा कन्नडमध्ये भरलेली असून अगम्य दिसत असतील, तर पूर्वी त्या मशीनमध्ये जिस्ट कार्ड (डॉसवर भारतीय लिप्या दाखवणारं कार्ड) होतं का, हे यजमानांना विचारून कळवा. तसं असेल तर आधी नावांचं रूपांतर करावं लागेल आणि तोवर त्या मशीनला कुणी हात लावू नये.