जामीन राहू की नको?

"सही केली नाही तर मी कसला ख्रिस्ती?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं. शर्टाच्या खिशात जामिनाचा अर्ज, चार घड्या घातलेला. घड्यांवर कागद विरत आला होता, इतक्या वेळा तो उघडून परत ठेवला होता.

धाकट्या भावाला धंद्यासाठी कर्ज हवं होतं. त्याचे आधीचे दोन धंदे बुडालेले. यांच्या डोक्यावर घराचे हप्ते, पदरात दोन मुलं. हिशोब त्यांना तोंडपाठ होता, अडलं होतं भलतीकडेच. प्रार्थनागटात कुणी तरी म्हणालं होतं, "एवढा विचार करतोस म्हणजे तुझा विश्वास कमी पडतोय."

सावध राहणं म्हणजे स्वार्थ का, हा प्रश्न माझ्याकडे फार वेळा येतो. मी त्यांना नीतिसूत्रांचा सहावा अध्याय काढायला सांगितला. जामीन राहून अडकला असशील तर डोळ्याला डोळा लावू नकोस, शिकाऱ्याच्या हातून हरिण सुटतं तसा सुटून जा, असं तिथे बजावलंय. बाविसाव्यात तर अंगाखालचं अंथरूण जाईल म्हणून ताकीद आहे. ते पहिल्यांदाच हसले. "हे बायबलमध्ये आहे?"

आहे. पण तेवढ्यावर सुटका नव्हती. तेराव्या शतकातले ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी सुज्ञतेची तीन कामं सांगितली: सल्लामसलत, निवाडा, आणि ठरलेलं करायला स्वतःला हुकूम देणं. त्यांच्या मते मुख्य काम तिसरं. आपण बहुतेक जण पहिल्यातच मुक्काम ठोकतो. (मीसुद्धा.)

"तुमचं ठरलं कधी?" मी विचारलं.

बराच वेळ ते कागदाची घडी नखानं दाबत बसले. "तीन आठवडे झाले. सही करायची नाही."

म्हणजे ते ज्याला विचार म्हणत होते, ती भावाच्या तोंडावर नाही म्हणायची भीती होती. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात सुज्ञता आणि भित्रेपणा यांची गल्लत करू नका, असं स्पष्ट म्हटलंय.

"बँकेनंच मला नाकारलं असं सांगितलं तर?" त्यांनी हळूच विचारलं. यालाही अक्वायनसकडे नाव आहे: धूर्तपणा. हेतू चांगला असला तरी खोट्या वाटेनं गेलं की ती नकली सुज्ञता. मला त्यांचं हे म्हणणं कडक वाटतं, पण पटतं.

मग आम्ही खरं काय देता येईल ते पाहिलं. परत आली नाही तरी घर हलणार नाही एवढी रक्कम. आणि दर महिन्याला धंद्याच्या वह्या बघायला एक संध्याकाळ.

"पण माझं चुकत तर नाही ना?"

"चुकतही असेल," मी म्हणाले. काळजी पार संपेल इतकी खात्री सुज्ञतेत मिळत नाही, हेही अक्वायनसच सांगून गेलेत.

पंधरा दिवसांनी ते आले, तेव्हा खिसा रिकामा होता. भाऊ चिडला होता, बोलणं बंद होतं.

"पैसे घेतले?"

"घेतले. वह्या मात्र अजून दाखवल्या नाहीत."