आधी कार्बन, शेवटी ऑक्सिजन

रासायनिक समीकरणात दोन्हीकडचे अणू जुळत नाहीत म्हणून रेणूसूत्रातले आकडे बदलू नकोस. पाण्यातल्या ऑक्सिजनखाली २ लिहिलास की ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. हात लावायचा तो फक्त सूत्राच्या पुढच्या, म्हणजे डावीकडच्या अंकाला.

आपल्याकडे उसाच्या मळीपासून इथेनॉल काढतात, तेच जाळून बघू: हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून त्याचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. पेन्सिलच घे, खोडावं लागतंच. इथेनॉलच्या रेणूत कार्बन २, हायड्रोजन ६, ऑक्सिजन १. कार्बन २ म्हणून कार्बन डायऑक्साइडपुढे २. हायड्रोजन ६ म्हणून पाण्यापुढे ३. आता उजवीकडचा ऑक्सिजन मोज: ४ आणि ३, झाले ७. इथंच बहुतेकांची गाडी अडते. सातच्या सात हवेतून घेतात आणि साडेतीन लिहून बसतात. अरे, इथेनॉलचा स्वतःचा १ आहे की! उरले ६, एका रेणूत २ अणू, म्हणजे ऑक्सिजनचे ३ रेणू.

सिलेंडरमधल्या ब्युटेनला मात्र साडेसहा खरंच येतं: कार्बन ४, हायड्रोजन १०, उजवीकडे ऑक्सिजन ८ अधिक ५, १३. तेव्हा सगळंच दुप्पट कर: ब्युटेन २, ऑक्सिजन १३, कार्बन डायऑक्साइड ८, पाणी १०. दुप्पट करताना ब्युटेनपुढचा न दिसणारा १ विसरतात, तो २ होतो.

सल्फेट, नायट्रेट दोन्हीकडे तसेच राहिले तर फोडू नकोस, अख्खा गट एकच धर. पी.यू.ला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेणार असशील तर मूलद्रव्यांची इंग्रजी नावंही आत्ताच पाठ कर.