युबिक्विटिन (पेशीतलं छोटं, खूण म्हणून चिकटणारं प्रोटीन) लागलं की प्रोटीन मोडीत निघतं ना, मग सूज वाढवायला ते कसं कामी येतं?

मोडीत निघतं हे अर्धंच खरंय, युबिक्विटिनची साखळी कशी जोडलीय त्यावर सगळा खेळ असतो. टीएनएफ हा सूज वाढवणारा संदेशवाहक रेणू पेशीच्या रिसेप्टरला चिकटला की आत रिप-१ या प्रोटीनवर के-६३ जोडणीच्या (युबिक्विटिनच्या ६३ नंबरच्या लायसिनवर जोडलेल्या) साखळ्या लागतात, त्या प्रोटीन तोडायला पाठवत नाहीत, उलट टॅक-१ आणि आयकेके या कायनेजना (फॉस्फेट बसवणाऱ्या एन्झाइम्सना) तिथं गोळा करतात. मग आयकेके काय करतं तर आयकॅपाबी-अल्फा या प्रोटीनच्या ३२ आणि ३६ नंबरच्या सेरिन या अमिनो आम्लांवर फॉस्फेट बसवतं, ती खूण दिसली की के-४८ वाली साखळी लागते, आणि ही मात्र थेट प्रोटिएसोमकडे, म्हणजे प्रोटीन तोडणाऱ्या यंत्रणेकडे नेते. आयकॅपाबी गेलं की त्यानं अडवून ठेवलेलं एनएफ-कॅपाबी हे प्रोटीन मोकळं, न्यूक्लियसमध्ये शिरून सूज वाढवणारे जीन्स चालू करतं, तेही काही मिनिटांत.

मला भारी वाटतं ते पुढचं. त्याच जीन्समध्ये ए-२० या प्रोटीनचा जीन पण असतो, म्हणजे आग लावणाराच बंब बोलावतो, आणि हा ए-२० ते सिग्नल दाबून टाकतो. त्याच्या जीनची एक प्रत जरी बिघडली तरी काहींना लहानपणापासून वारंवार ताप आणि तोंडात फोड येतात, २०१६ मध्ये हा आजार एचए-२० म्हणून ओळखला गेला.