घोणस चावल्यानंतर क्रिएटिनिन 1.6 वर थांबलं, म्हणजे सुटलो का?

ताई, तुम्ही विचारलंय: तुमच्या भावाला गेल्या भातकापणीत घोणस चावली, सहा वेळा डायलिसिस झालं, आता लघवी नीट होतेय आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) 1.6 आहे. घरचे म्हणतात बरा झाला, आता तपासण्या कशाला. मी म्हणेन, खरी राखण आता सुरू होते.

मला 2013 साली पेंढ्या उचलताना घोट्याच्या वर चावली. दवाखान्यात पोचलो तेव्हा हिरड्यांतून रक्त येत होतं. नर्सबाईंनी काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं तसंच उभं ठेवलं आणि मग नळी तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, म्हणजे गोठलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, मग जवळपास बंदच.

घोणसीच्या विषाने रक्त गोठवणारे घटक खर्ची पडतात, बारीक गुठळ्या मूत्रपिंडातल्या केसासारख्या वाहिन्यांत अडकतात, फुटलेल्या तांबड्या पेशींचा गाळ नलिकांत बसतो. त्यात रक्तदाब पडलेला असतो. सर्पदंशाची लस रक्तातलं विष मारते, पण झालेली इजा भरून काढत नाही. नुसत्या नलिका दुखावल्या असतील तर काही आठवड्यांत बहुतेकदा सुधारतात. मूत्रपिंडाचा बाहेरचा थर मेला असेल तर तेवढा भाग गेलाच.

माझं क्रिएटिनिनही असंच 'ठीक' होतं. तीन वर्षं मी कुठे फिरकलो नाही. वर कंबर दुखली की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी आणून खायचो. माझा गाढवपणा, दुसरं काय. गावातल्या शिबिरात सहज बीपी बघितलं तर 160/100, आणि लघवीत प्रथिनं दोन प्लस. आता बीपीची गोळी रोज, मिठावर हात आखडता, आणि गाडी जागेवर आहे.

भावाचं वय तुम्ही 32 लिहिलंय. त्या वयाला 1.6 म्हणजे इजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं रक्त किती वेगाने गाळतात त्याचा अंदाज, साधारण 58. तीन महिन्यांहून जास्त काळ 60 च्या खाली राहिला तर डॉक्टर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकारच म्हणतात, माणूस कितीही ठणठणीत दिसो. क्रिएटिनिन मुळात उशिरा बोलतं. म्हणून त्याच्यासोबत लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण (लघवीतून प्रथिन किती गळतं ते) आणि बीपी, दोन्ही बघा. लघवीत फेस टिकून राहतो का, त्याच्याकडेही लक्ष असू द्या.

वेदनाशामक गोळ्या आणि कुणी दिलेली भस्मं, 'किडनी साफ' करणारी चूर्णं बंद. उन्हात कामाला जाताना पाणी जवळ हवं, पण 'किडनी धुवून निघेल' म्हणून सहा-सहा लिटर पिऊ नका. डाळ-अंडी आपल्या मनाने तोडू नका, अशक्त पोरगा आणखी खंगेल.

एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. घोणस चावलेल्या काहींची पिट्युटरी, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली संप्रेरकांची ग्रंथीही मंदावते, कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी. सतत थकवा, बीपी कमी, दाढी विरळ होणं असलं काही दिसलं तर 'अशक्तपणा आहे' म्हणून सलाइन लावून घेऊ नका. संप्रेरकांच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा.

आणि डिस्चार्ज कार्ड बाहेर काढा. त्यावर 'कॉर्टिकल नेक्रोसिस' (वर सांगितलेला, मूत्रपिंडाचा बाहेरचा थर मरणं) असे शब्द असतील तर पुढच्या दिवाळीपर्यंत थांबू नका. याच आठवड्यात नेफ्रॉलॉजिस्टची, म्हणजे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि डायलिसिसच्या वेळचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून सोबत न्या.