लांब शेपटीचं, बुड्या मारणारं काळं-पांढरं बदक: तलवार बदक की आणखी काही?

हिवाळा, उघडा समुद्र, पांढरं डोकं, मानेच्या वरच्या बाजूला काळा डाग, लांब टोकदार शेपटी आणि सतत बुड्या. असं बदक पाहिल्याचं लिहून एका वाचकाने ते तलवार बदक (पिनटेल) आहे का, असं विचारलं आहे. हे वर्णन तलवार बदकाचं नाही, लाँग-टेल्ड डक या समुद्री बदकाच्या नराचं आहे. तलवार बदक उथळ पाण्यात डोकं खाली घालून बूड वर करतं. लाँग-टेल्ड डक अख्खं पाण्याखाली गडप होतं, आणि बुडी घेताना पंख अर्धवट उघडतं.

शेपटीवर मात्र फार भिस्त ठेवू नका. नराची मधली पिसं 10 ते 15 सेंटिमीटर लांब असली, तरी पोहताना ती अनेकदा पाण्यावर टेकलेली असतात आणि लाटांत हरवतात. मादीला आणि पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लांना तर ती नसतातच. त्यापेक्षा चोच बघा: आखूड, नराची काळी आणि मधे गुलाबी पट्टा, मादीची सगळी करडी.

रंगाने सगळेच चकतात. उन्हाळ्यात नराचं डोकं, मान आणि छाती गडद होते, फक्त डोळ्याभोवती फिकट चट्टा उरतो. वर्षातला बराच काळ टप्प्याटप्प्याने पिसं बदलत राहतात, त्यामुळे मधल्या काळातला पक्षी पुस्तकातल्या एकाही चित्राशी जुळत नाही. अशा वेळी तो उडायची वाट पाहा. पंख वरून-खालून पूर्ण गडद, त्यावर पांढरा ठिपकासुद्धा नाही, आणि पोट पांढरं. उडताना तो या कुशीवरून त्या कुशीवर कलतो, म्हणून क्षणात काळा, क्षणात पांढरा दिसतो. गोल्डनआय या बुड्या मारणाऱ्या दुसऱ्या बदकाच्या पंखात मात्र पांढरा भाग ठळक असतो.

आवाज ही माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण, कारण हे बदक भारी बोलकं आहे. नर नाकातून 'आ-आ-आऊलिक' असं ओरडतो, शेवटाला सूर वर चढतो. हिवाळा सरताना थवाच्या थवा ओरडू लागला की शांत समुद्रावर तो गलका लांबवर पोचतो. मादीचा आवाज बारका आणि तुटक, त्यावरून ठरवायला जाऊ नका. थवा डोक्यावरून जाताना शिट्टीसारखा आवाज आला असेल, तर तो गळ्यातला नाही, पंखांचा. आणि ते बदक गोल्डनआय असण्याची शक्यता जास्त.