तुमचे प्रश्न, माझी उत्तरं: आईच्या ट्रंकेतली भातुकली

प्रश्न : सुट्टीत नातीला घेऊन दिल्लीचं बाहुल्यांचं संग्रहालय पाहिलं. तेव्हापासून माझ्या आईच्या ट्रंकेतली पितळी भातुकली, चिंध्यांची बाहुली आणि सावंतवाडीची लाकडी फळं डोक्यातून जात नाहीत. यजमान म्हणतात, संग्रहालयाला देऊन टाक. नात सात वर्षांची, तिच्या हाती दिलं तर मोडतोड होणार. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, होऊ द्या मोडतोड. पितळी तवा काही सात वर्षांच्या पोरीला मोडत नाही, आणि चिंध्यांची बाहुली उसवली तर सुईदोरा घरात असेलच.

दिल्लीचं ते संग्रहालय मलाही आवडतं. व्यंगचित्रकार शंकर पिल्लई यांना हंगेरीच्या राजदूतांकडून एक बाहुली मिळाली आणि तिथून त्यांना नाद लागला. १९६५ साली संग्रहालय उघडलं, आज तिथे ८५ देशांच्या मिळून सहा हजारांवर बाहुल्या आहेत. पण त्यातल्या पुष्कळशा पेहराव दाखवण्यासाठी केलेल्या. जपानचा काबुकी नट काय किंवा आपल्याकडच्या नवरा-नवरीच्या जोड्या काय, काचेमागे त्या शोभतात. तुमच्या आईची बाहुली त्या जातीची नव्हे.

आमच्या मिरजेच्या घरी लाकडाची ठकी होती. हात अंगालाच कोरलेले, नाकाचा रंग उडालेला. दर सुट्टीत तिचं लग्न लागायचं, नवरा कायम शेजारच्या वाड्यातला, आणि वरपक्ष चुरमुरे-गुळाची पंगत उठली की मानपानावरून भांडायचाच. (भांडण हाच मुख्य कार्यक्रम, लग्न आपलं निमित्त.) ती ठकी संग्रहालयात गेली असती तर खाली पाटी लागली असती, ‘लाकडी बाहुली, रंगीत’. संपलं!

म्हणून द्यायचंच असेल, तर आधी वही घ्या. कुठल्या बाजारातून आणलं, कुणी दिलं, बाहुलीच्या परकराचा कपडा कुणाच्या लुगड्याचा, बंबात खरंच निखारे घालायचात की नुसतं खोटं खोटं, सगळं लिहा. घरात कुणी मावशी-आत्या असेल तर तिला आजच फोन लावा. एवढं लिहिलेलं असलं की संग्रहालयालाही त्या वस्तूचा उपयोग. नुसती ट्रंक नेऊन ठेवू नका.

आता थोडं जपणुकीचं. पितळ चिंचेनं रोज घासू नका. नावं कोरलेली असतील तर ती झिजतात. कोरड्या मऊ फडक्यानं पुसलं की पुरे. आणि कल्हई उडालेल्या भांड्यात ताक, चिंचेचं सार असलं आंबट काही खाण्यासाठी ठेवायचं नाही, पोरगी कितीही हट्ट करो. सावंतवाडीची जुनी फळं बहुधा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची, त्यांना पाण्यात घालू नका. भुसा पडत असेल तर कीड लागली समजा आणि ते फळ बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, तेव्हा घरात रांगतं बाळ असेल तर फळं वरच्या फळीवर. बाहुली उन्हात वाळत घालू नका, रंग विटतो.

यजमानांना सांगा, ट्रंक रिकामी झाली की तिच्यात तुमची जुनी मासिकं ठेवा.