चाळिशीत व्हायोलिन शिकायला लागून मुंबईतल्या हौशी चेंबर ऑर्केस्ट्रात वाजवता येईल का? किती वर्षं लागतील?

येईल. पण व्हायोलिन नको, व्हायोला शिका, म्हणजे व्हायोलिनचाच थोडा मोठा, जाड आवाजाचा भाऊ. व्हायोलिनवाले हौशी गटांत दाटीवाटीनं बसलेले असतात. व्हायोलावाला मिळाला की चहाचा पहिला कप त्याला देतात.

वर्षांचं म्हणाल तर समोर आलेला नोटेशनचा कागद न अडखळता वाचून वाजवता आला की झालं. पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षांच्या आठ ग्रेड असतात, त्या हिशेबात पाचवी-सहावी. पण आठवी ग्रेड डिस्टिंक्शननं पास झालेले आणि शेजारच्याकडे अजिबात कान नसलेले महाभाग मी पाहिलेत. त्यांच्यापेक्षा मोजून वाजवणारा चौथीवाला कधीही बरा.

मी स्वतः हिंदुस्थानी व्हायोलिनवरून इकडे आलो. दादरला गुरुजींसमोर मांडी घालून, सा-प-सा-प लावून नऊ वर्षं. तिथून उठून एकदम खुर्ची, समोर स्टँड आणि व्हायोलाच्या सी-जी-डी-ए तारा. पहिले सहा महिने कुठलाही लांब स्वर आला की माझं बोट आपोआप घसरायचं. कंडक्टर छडी खाली ठेवून म्हणायचे, “तुमची मींड सुंदर आहे, पण मोट्झार्टनं लिहिलेली नाही.” नातेवाइकांची वेगळीच तऱ्हा. ‘ऑर्केस्ट्रात वाजवतो’ म्हटल्यावर त्यांना गणपतीतला, निवेदक आणि ड्रमसेटवाला ऑर्केस्ट्रा वाटला. एका मावशीनं लग्नाच्या स्वागत समारंभाचा भावही विचारला.

खरं दुखणं मामांचं. मामा जुने पायपेटीवाले, संगीत नाटकांत साथ केलेले. माझ्या पहिल्या कार्यक्रमाला वांद्र्याला चर्चच्या हॉलमध्ये आले, तिसऱ्या रांगेत बसले. आम्ही मोट्झार्टचं १७८७ सालचं ‘आइनं क्लाइनं नाख्टमुझिक’ घेतलं होतं. त्याची सुरुवात सगळे मिळून एकाच धुनेनं करतात आणि मध्ये छोटे छोटे विराम आहेत. सुरुवात ठीक गेली. पहिल्या भागाच्या उत्तरार्धात तीच धून परत येते, तिथे मी मोजायला चुकलो. सगळ्यांचे गज थांबलेले आणि त्या शांततेत माझी एकट्याची सी तार घर्र करून वाजली. चेलोवालीनं मान न वळवता माझ्या खुर्चीला पाय मारला.

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, “एवढ्या वेळात एकदाच ऐकू आलास, तोही चुकून.” वर, “दुसऱ्यानं लिहिलेलं वाजवायचं म्हणजे टायपिंगच रे. आणि हे आपलं नव्हेच.”

त्याला नऊ वर्षं झाली, पण उत्तर मला अजून सुचतंच आहे. आपलं नव्हे म्हणजे काय? व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला तो १९३५ साली. मामा दाढी करताना शंकर-जयकिशनची जी गाणी गुणगुणतात, त्यांतल्या व्हायोलिनच्या ओळी सॅबेस्टियन डिसोझांसारख्या गोव्याच्या अरेंजरांनी, म्हणजे कुठल्या वाद्यानं काय वाजवायचं ते ठरवणाऱ्यांनी, कागदावर उतरवल्या आणि वादकांनी वाचून वाजवल्या. ते टायपिंग मामांना चालतं! आणि ‘ऐकू येत नाही’ हा आरोप पायपेटीवाल्यानं करावा? मी लहान असताना हेच मामा सांगायचे, पेटी वेगळी ऐकू आली तर साथ फसली, ऐकू यायला हवा तो नट. व्हायोलाचं काम दुसरं काय असतं? वर धून वाजवणारी व्हायोलिनं आणि खाली खर्जातला चेलो, यांच्या मधली जागा भरून ठेवायची. एकदा जुलैत लोकल बंद पडल्या आणि आम्ही दोघंही व्हायोलावाले तालमीला पोचलो नाही. त्या दिवशी त्यांनी तोच मोट्झार्ट आमच्याशिवाय वाजवून पाहिला आणि अर्ध्यावर सोडून वडे मागवले.

एवढं मात्र कबूल, की कुठे काय भरायचं ते मामा स्वतः ऐन वेळी ठरवायचे, माझं मोट्झार्टनं ठरवून ठेवलंय. आणि मी व्हायोलावाला असल्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे. तुमच्या मनात व्हायोलिनच असेल तर तेच घ्या, फक्त सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम ओळ वाजवणाऱ्या दुसऱ्या व्हायोलिनांत, बसायची लाज बाळगू नका.

हो, एक राहिलं. पगारी वादकांचा मोठा वाद्यवृंद हवा असेल तर २००६ साली सुरू झालेला एनसीपीएचा (नरिमन पॉइंटच्या कलाकेंद्राचा) सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, तिथे आपण तिकीट काढून ऐकायला जायचं. हौशी गट शोधताना तालीम कधी असते ते आधी विचारा. आमची रविवारी सकाळी, म्हणजे नेमकी मेगाब्लॉकमध्ये. पावसाळ्यात तारा पिळायच्या लाकडी खुंट्या फुगून अडकतात, त्या पकडीनं फिरवू नका, मी एक मोडलीय. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. बुटांच्या खोक्यातल्या चालतात.